रयतेच्या राज्यात नागरिक घडवणारी शाळा : हिप्परगा

१/
शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, तर आधी राज्यात नागरिक असावे लागतात. १९२१ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात नागरिक नव्हते, रयत होती. त्याच वर्षी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावात एक राष्ट्रीय शाळा सुरू झाली. जो हक्क कायद्यात कुठेच लिहिलेला नव्हता, त्याची सवय मुलांना लावण्याचा उद्योग या शाळेने आरंभला. त्या उद्योगाची आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, याची ही कथा. #धागा

२/
प्रथम भूगोल. १९३१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४४ लाख होती. त्यांतील जवळपास निम्मे तेलुगू भाषक, सुमारे चौथा हिस्सा मराठी भाषक. उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू बोलणारे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ते १९८२ मध्ये वेगळे झाले. उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले.

३/
या राज्यात सामान्य माणसाचे स्थान काय होते? १८९३ पासून नावाला एक कायदेमंडळ होते, पण शेतकऱ्याला वा कारागिराला त्यासाठी मत देता येत नसे. ‘मुल्की’ नावाची एक ओळख होती. संस्थानचा रहिवासी म्हणून सरकारी नोकरीसाठी ती उपयोगी पडे. म्हणजे माणूस राज्याचा आहे हे कागदावर सिद्ध करता येई; राज्य माणसाचे आहे, असे म्हणण्याची सोय मात्र नव्हती.

४/
शिक्षणाची स्थिती याला साजेशीच होती. संस्थानातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता, यात शंका नाही. पण ती भाषा उर्दू होती. दरबार, कचेरी आणि वरचे शालेय वर्ग यांची भाषा एक आणि मराठवाड्यातल्या घराची दुसरी. त्यामुळे बहुसंख्य मराठी मुलांसाठी माध्यमिक शाळेचा उंबरठा फारच उंच झाला.

५/
बोलण्यावरही पहारा होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘गश्ती निशाण ५३’ म्हणून कुप्रसिद्ध झालेले परिपत्रक निघाले. (गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक.) सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. खासगी शाळा आणि आखाडे यांनाही परवानगीच्या जाचातून सुटका नव्हती. परिणाम असा, की हैदराबाद संस्थानची राजकीय परिषद संस्थानात भरवताच येईना. ती भरली काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) येथे. आपल्या गावच्या प्रश्नावर बोलण्यासाठी परक्या मुलखात जावे लागे.

६/
हद्दीपलीकडे सोलापूर होते. तेही पारतंत्र्यातच, पण तिथे वृत्तपत्रे होती, नगरपालिका होती आणि मर्यादित का होईना, मताधिकार होता. १९३० मध्ये त्याच सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. उस्मानाबाद जिल्ह्यातील तरुण या घटना शेजारच्या अंगणातल्यासारख्या पाहत होते. आपल्याकडे मात्र शोकसभेलाही परवानगी काढावी लागेल, हेही ते जाणून होते.

७/
अशा वेळी शाळा हेच उत्तर का सुचले? यामागे एक परंपरा आहे. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. महाराष्ट्रात विष्णू गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालय उभे केले. तळेगावला नांदणारी ही शाळा ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंद पाडली. १९२० च्या असहकार आंदोलनात सरकारी शाळांवर बहिष्काराची हाक आली. पाठोपाठ गुजरात विद्यापीठ आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. गावोगावी राष्ट्रीय शाळा निघाल्या.

८/
ही लाट निजामाच्या हद्दीत शिरली ती हिप्परग्याला. हे गाव आज लोहारा तालुक्यात आहे. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये तेथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणापासून आणि कचेऱ्यांपासून दूर असलेले हे आडगाव. पण हा आडवळणीपणाच शाळेच्या पथ्यावर पडला. मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून मुले तेथे राहण्यास आणि शिकण्यास येऊ लागली.

९/
ब्रिटिश मुलखातील राष्ट्रीय शाळा आणि हिप्परग्याची शाळा यांत एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. पुण्या-मुंबईच्या मुलाने सरकारी शाळा सोडली, तर तो एक मार्ग नाकारून दुसरा निवडत होता. हिप्परग्याच्या मुलापुढे नाकारण्याजोगेच फारसे काही नव्हते. मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण ही त्याच्यासाठी बहिष्काराची नव्हे, तर पहिल्या प्रवेशाची गोष्ट होती.

१०/
१९२९ मध्ये या शाळेत एक नवे मुख्याध्यापक आले : व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. शालेय शिक्षण सोलापुरात. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला आणि असहकारात सरकारी शिक्षण सोडले. पुढे टिळक विद्यापीठातून त्यांनी उच्च शिक्षण पूर्ण केले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लोकशाहीची उत्क्रांती.

११/
योगायोग पाहा : लोकशाही कशी वाढत गेली याचा अभ्यास केलेला तरुण लोकशाहीचा अंशही नसलेल्या राज्यात शिकवायला आला. मध्यंतरी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले होते. त्या काळात ते गंभीर आजारी पडले आणि प्रकृतीने मोठ्या शहरातले धकाधकीचे काम अशक्य करून टाकले. हिप्परग्याला ते आले तेव्हा तब्येत सावरणे आणि शाळा सावरणे ही दोन्ही कामे त्यांच्यापुढे होती.

१२/
१४ जानेवारी १९३२ रोजी खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी म्हणजे जगाकडे पाठ फिरवणारा, ही रूढ कल्पना येथे लागू पडत नाही. संन्यासानंतरही ते वर्ग घेत राहिले, शाळा चालवत राहिले. भगव्या वस्त्रातला मुख्याध्यापक हे दृश्य त्या काळच्या मराठवाड्यात अपूर्व होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारीही त्यांना याच शाळेत लाभले.

१३/
आता मुख्य प्रश्न. या शाळेत नागरिकत्व कसे शिकवले गेले? ‘नागरिकशास्त्र’ या नावाचे पुस्तक पुढे ठेवून नव्हे. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतील शाळांची जी रीत होती, तिच्यातच हे शिक्षण मुरलेले होते : मातृभाषेतून अध्यापन, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे एकत्र राहणे, खादी आणि सूतकताई, शरीरश्रम, अल्प वेतनावर काम करणारे शिक्षक. यांतील प्रत्येक गोष्ट वरवर साधी आहे; संस्थानच्या संदर्भात मात्र तिचा अर्थ बदलतो.

१४/
भाषा घ्या. कचेरीत अर्ज लिहून घेण्यासाठी ज्याच्या बापाला दुसऱ्याच्या दाराशी जावे लागे, त्या मुलाला आपल्या भाषेत इतिहास आणि राज्यव्यवहार समजू लागला, तर तो पहिला अर्ज स्वतःच्या बुद्धीने करू शकतो. श्रम घ्या. जातीनुसार कामे वाटलेल्या गावात, आपले काम आपल्या हाताने करणे ही समतेची प्राथमिक तालीम होती. सहवास घ्या. हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा, एवढीच नाती जेथे ठाऊक, तेथे शिक्षकाला प्रश्न विचारता येणे ही मोठी गोष्ट.

१५/
याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला जॉन ड्यूई हा अमेरिकी तत्त्वज्ञ असेच काही मांडत होता. १९१६ च्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात त्याने लोकशाहीला केवळ शासनाचा प्रकार न मानता एकत्र जगण्याची रीत मानले. शाळेत ती रीत जगता आली, तरच ती मुलाच्या अंगी उतरेल, असा त्याचा आशय. ड्यूईच्या देशात निदान ज्या लोकशाहीसाठी मुलांना घडवायचे, ती अस्तित्वात होती. हिप्परग्याला ती कल्पावी लागत होती.

१६/
१९३५ मध्ये स्वामीजी हिप्परग्याहून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले. बाबासाहेब परांजपेही तेथे त्यांच्यासोबत होते. योगेश्वरी शाळा हे त्यांचे नवे कार्यक्षेत्र झाले. तोवर मराठवाड्यात अशा शाळांची एक साखळी तयार झाली होती. औरंगाबादची सरस्वती भुवन हे तिच्यातले ठळक नाव. सभेला बंदी होती, पण वर्ग भरत होते. ज्या राज्यात सभागृह नाही, तेथे वर्गखोलीनेच सभागृहाचे काम केले.

१७/
परिणाम १९३७-३८ मध्ये दिसू लागले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दुसरे १९३८ मध्ये लातूरला, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांना उत्तर देणाऱ्या सरकारची. सप्टेंबर १९३८ मध्ये स्थापनेच्या आधीच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. मुख्याध्यापकाचा सत्याग्रही होण्यास फार वर्षे लागली नाहीत.

१८/
पाठोपाठ विद्यार्थ्यांची पाळी आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, पाळली गेली नाही. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. माफी मागून परतण्याऐवजी अनेकांनी संस्थानाबाहेरचा रस्ता धरला आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. त्यांपैकी एक तरुण पुढे देशाचा पंतप्रधान झाला : पी. व्ही. नरसिंह राव.

१९/
मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. राष्ट्रीय शाळांचे चालक बहुतांशी आधीच साक्षर असलेल्या, उच्चवर्णीय कुटुंबांतून आले होते. मुलींची आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची वाट यांतून सहजी मोकळी झाली नाही. ज्याला गावच्या पाणवठ्यावरच मज्जाव, त्याच्यासाठी निजामाचे फर्मान हा दुसरा अडथळा होता; पहिला अडथळा गावातच उभा होता.

२०/
त्या पहिल्या अडथळ्याविरुद्धचे शिक्षण वेगळ्या मार्गाने आले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतन म्हणजे जन्माने गळ्यात पडलेली गावकी. ती माणसाला गावाशी बांधते, पण बरोबरीने नव्हे. वतनाकडून हक्काकडे जाणे हाही नागरिकत्वाचाच धडा, आणि तो शाळेबाहेर, परिषदेच्या मांडवात दिला गेला. पुढे १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

२१/
१९४७-४८ हे या साऱ्या शिक्षणाच्या परीक्षेचे वर्ष. भारत स्वतंत्र झाला, हैदराबाद वेगळे राहिले. रझाकारांच्या अत्याचारांनी गावे होरपळली. अनेक कुटुंबांनी हद्दीपलीकडे आसरा घेतला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. सोलापूरच्या बाजूने आलेली मुख्य फळी नळदुर्गमार्गे, म्हणजे याच जिल्ह्यातून पुढे गेली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

२२/
पण परीक्षा तिथे संपली नाही. सैन्याच्या विजयानंतरच्या दिवसांत मुस्लिम रहिवाशांवर सूडाचे हल्ले झाले. यांत बहुसंख्य असे होते, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले, आणि साऱ्या संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

२३/
मुक्तीचा इतिहास सांगताना हे पान अनेकदा मिटवले जाते. नागरिकत्वाचा इतिहास सांगताना ते मिटवता येत नाही. राजाविरुद्ध उभे राहणे हा अर्धा धडा झाला. राजा गेल्यावर शेजारी हा आपल्याइतकाच हक्कदार आहे, हे मान्य करणे हा उरलेला अर्धा धडा, आणि तो अधिक अवघड. पहिल्या अर्ध्यासाठी मराठवाड्याने अपार किंमत मोजली. दुसऱ्यात त्या काही आठवड्यांत तो फार ठिकाणी नापास झाला.

२४/
नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारतीय राज्यघटना हैदराबादसाठी मान्य केली. २६ जानेवारी १९५० रोजी रयत कायद्याने नागरिक झाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसचे उमेदवार म्हणून गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत बीडमधून बाबासाहेब परांजपे निवडून आले, तेही काँग्रेसविरोधी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. एकाच शाळेचे दोन शिक्षक, दोन विरोधी पक्ष, एक संसद.

२५/
हिप्परग्याच्या शिक्षणाचे याहून बोलके प्रगतिपुस्तक शोधूनही मिळणार नाही. त्या शाळेने एका साच्यातले अनुयायी घडवले असते, तर हे घडले नसते. खांद्याला खांदा लावून शिकवलेल्या, तुरुंगवासाची जोखीम वाटून घेतलेल्या माणसांत मतभेद झाले. ते त्यांनी मतपेटीपुढे मांडले आणि लोकांचा कौल स्वीकारला. १९२१ मध्ये ज्या राज्यात मतपेटीच नव्हती, तेथे एकतीस वर्षांत हे घडले.

२६/
आता नागरिकत्व हा रीतसर शालेय विषय झाला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने लोकशाही नागरिक घडवणे हे माध्यमिक शिक्षणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले. स्वच्छ विचार करता येणे, खरे-खोटे आणि वस्तुस्थिती-प्रचार यांत निवड करता येणे, ही त्याची अपेक्षा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आज धाराशिवची मुले लातूर विभागीय मंडळाकडून दहावीची परीक्षा देतात. नववी-दहावीला ‘इतिहास व राज्यशास्त्र’ असे जोड-पुस्तक असते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचनही सुरू झाले.

२७/
हिप्परग्यात आशय होता, हक्क नव्हता. आज हक्क आहे. आशयाचे काय, हा प्रश्न प्रत्येक वर्गखोलीने स्वतःला विचारायचा आहे. उद्देशिका पाठ असणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण जो विद्यार्थी ‘विचार, अभिव्यक्ती’ हे शब्द रोज म्हणतो आणि तासाला हात वर करायला बिचकतो, त्याचे शिक्षण अर्धेच झालेले असते. ‘जोड-विषय’ म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकलेले राज्यशास्त्र गुण देईल. सवय देणार नाही.

२८/
दहावीत बसलेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होतो. त्याआधी त्याने आपल्या गावची ग्रामसभा एकदा तरी पाहावी : कोण बोलते, कोण गप्प बसते, कोणाचे म्हणणे नोंदवहीत चढते आणि कोणाचे नाही. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या माणसाला सभेत बोलण्यासाठी अकोला गाठावे लागे. आता ती सभा ग्रामपंचायतीच्या पायरीवर भरते आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. (धागा समाप्त)